गुलाबी भात आणि हिरवी अक्षरं

भात गुलाबी दिसला तेव्हा मी आईला विचारलं, "आज तांदूळ कशात धुतलेस?"

"पाण्यात. दुसऱ्या कशात धुत्यात?" आई म्हणाली आणि तिने वरण असं वाढलं की चमचाभर ताटाबाहेर गेलं. तांदूळ निवडण्यावरून, धुण्यावरून, शिजवण्यावरून तिला कोणी काही विचारलेलं खपत नसे. मी ताट जरा दिव्याच्या बाजूला सरकवून पाहिलं. रंग होता. गडद नव्हता, धुण्यात चुकून एखादा लाल ब्लाउज भिजला की त्या दिवशीच्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांना चढतो, तेवढाच. शेजारी बाबा जेवत होते. त्यांच्या ताटातला भातही मला तसाच दिसला. ते काही न बोलता खात होते. मग मी वरण कालवलं, भात पिवळा झाला आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

पण तो संपला नव्हता. पुढच्या काही दिवसांत पेपरातल्या ओळींमधल्या पांढऱ्या जागा गुलाबी झाल्या. बसच्या खिडकीच्या गजांमधून चुन्याची भिंत दिसली की तिच्यावर गुलाबी पट्टे. मी डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं, थंड पाण्याचे हबके मारले. कधी रंग जायचा, कधी नाही. सकाळी उठल्यावर बहुतेक नसायचा आणि संध्याकाळी घरी येताना हमखास असायचा. कोणाला विचारावं तर काय विचारायचं? 'का हो, तुम्हाला ही भिंत गुलाबी दिसते का?' असं नाशिकच्या द्वारका चौकात एखाद्याला विचारलं असतं तर त्याने मला हात धरून घरी पोचवलं असतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी नुकतीच सातपूरच्या एका कारखान्यात लागले होते. टायपिंगच्या परीक्षा झाल्या होत्या, बोटं चालायची, आणि त्याच सुमारास कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली गार केली होती. बाकी अख्खा कारखाना घामाने निथळत असायचा आणि त्या एका खोलीत यंत्राला ऊन लागू नये म्हणून पडदे. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीने यंत्र बिघडतं. आत घालायला वेगळ्या स्लीपर येणार होत्या. त्या काही शेवटपर्यंत आल्या नाहीत, त्यामुळे आम्ही देवळात गेल्यासारख्या अनवाणी आत जायचो. मी आणि माझ्याहून थोडी मोठी अशी एक जण, अशा दोघी काळ्या काचेसमोर बसून गोदामात आलेल्या-गेलेल्या मालाचे आकडे दिवसभर भरत असू. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटायची. हिरवी म्हणजे कोवळ्या मेथीसारखी नव्हे, अंधारात घड्याळाचे काटे चमकतात तशी.

टाइपरायटरचं मला कळत असे. बोट मारलं की खिळा उठतो, फितीवर आपटतो, कागदावर अक्षर पडतं आणि पडलेलं अक्षर तिथेच राहतं. चूक झाली तर रबराने खोडा, कागद फाटला तर साहेबांच्या शिव्या खा. सगळा उघड कारभार. इथे मात्र एक बटण दाबलं की अक्षर नाहीसं व्हायचं. डाग नाही, ओरखडा नाही. पहिले काही दिवस मी अक्षर उमटवायचे, घालवायचे, पुन्हा उमटवायचे, आणि ते जातं कुठे याचा विचार करत बसायचे.

आमच्या साहेबांना विचारलं. ते माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण मुंबईहून शिकून आले होते.

"मेमरीतून गेलं," ते म्हणाले.

"मेमरी कुठे असते?"

"त्या मोठ्या कपाटात."

"मग इथे दिसत होतं ते काय होतं?"

"तो डिस्प्ले."

प्रत्येक प्रश्नाला एक इंग्रजी शब्द द्यायचा आणि उत्तर दिल्याच्या समाधानाने निघून जायचं, ही त्यांची पद्धत होती. मी मान डोलावली. न कळता मान डोलावण्यात मी तेव्हा तरबेज होते.

खरं तर काचेवरच्या चित्रांनी मला लहानपणापासूनच गोंधळात टाकलं होतं. सत्तरच्या दशकात आमच्या वसाहतीत एका घरी टीव्ही आला. मुंबईचा कार्यक्रम नाशिकपर्यंत यायचा तो धापा टाकत. छतावर ताडासारखा उंच पाइप, त्याच्या टोकाला काड्यांचा सांगाडा, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. त्या मुंग्यांमधून मधूनच एक बाई बातम्या सांगताना दिसायची आणि पुन्हा बुडायची. सगळे जण बाईची वाट बघायचे. मला मुंग्यांचं नवल वाटायचं. बाई मुंबईहून येते हे ठीक, मुंग्या कुठून येतात? मी एकदा डब्याच्या मागे जाऊन जाळीतून आत डोकावले. आत नारिंगी उजेडाचा एक लहानसा ठिपका होता आणि बाकी धूळ. घरमालकिणीने दंड धरून मला बाहेर काढलं.

तर गुलाबी रंगाबद्दल मी गप्प का बसले, त्याला दोन कारणं होती. पहिलं म्हणजे माझी नोकरी अजून कच्ची होती. कायम करण्याआधी डोळ्यांची तपासणी होईल, असं साहेबांनी लागतानाच सांगितलं होतं. पांढरा भात गुलाबी दिसणाऱ्या बाईला कोण कायम करील?

दुसरं कारण बाबा. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पॅनेलसमोर काम करायचे. भिंतभर काटे आणि दिवे, त्यांच्याकडे पाळीभर डोळ्यांत तेल घालून बघायचं. वणीकडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला ते काम मिळालं याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांची नजर गेली ती कडेकडेने गेली. आत-आत सरकत गेली आणि आम्हाला कळलंच नाही. एका उन्हाळ्यात आईने अंगणात पापड वाळत घातले होते. बाबा आले आणि सरळ त्या पापडांवरून चालत घरात गेले. आईने त्यांना जे काही सुनावलं ते अख्ख्या वसाहतीने ऐकलं. बाबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "कुठले पापड?" तेव्हा ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जी नजर गेली ती येणार नव्हती. उरलेली टिकावी म्हणून थेंब घालायचे. बाबांनी स्वतःहून पॅनेल सोडलं, काही दिवस हलकं काम केलं आणि मुदतीआधी घरी बसले. आता त्यांना एका नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. नळीत जे येईल ते स्वच्छ, बाकी काही नाही. आणि डॉक्टरांनी निघता निघता म्हटलं होतं की हा आजार घराण्यात उतरू शकतो, मुलांवर लक्ष ठेवा. मूल मी एकटीच होते.

त्या दिवसांत बाबांची एक सवय मला असह्य झाली होती. मी घरी आले की ते माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत बसायचे. डोळे वरून खाली फिरायचे, पुन्हा वर जायचे, पुन्हा खाली. चोराची झडती घेतात तसं वाटायचं. "काय बघताय?" मी चिडून विचारायचे. "काय नाय," म्हणून ते मान वळवायचे. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांतलं ह्यांना कळलंय. मग वाटायचं, नळीतून बघणाऱ्या माणसाला काय कळणार? आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग यायचा.

अशात आईने एके रात्री जेवणानंतर काशाची वाटी काढली. "बस हितं. पाय दे." तिने माझ्या तळव्यांना तूप लावलं आणि वाटीच्या बुडाने घासायला लागली. डोळ्यांतली उष्णता तळव्यांतून निघते, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. घासता घासता तळवे काळेकुट्ट झाले. "बघ," आई समाधानाने म्हणाली, "केवढी उष्णता निघाली. लय आग गेली हाय तुझ्या डोळ्यांत त्या मशीनची." मी शाळेत शास्त्र शिकले होते, तो काळेपणा काशाचा आहे हे मला ठाऊक होतं. तरी तो बघून मला बरं वाटलं. काहीतरी बाहेर येतंय, निदान कुठला तरी रंग माझ्यातून निघतोय, असं वाटलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. लाल झालेले डोळे बघून तिने ताडलं असेल, असं मी धरून चालले. मग रोज रात्री वाटी निघायला लागली.

सकाळी साबणाने घासले तरी तळव्यांच्या रेषांत काळं उरायचंच. एकलहऱ्याहून नाशिक रोड, तिथून द्वारका, द्वारकेला बस हमखास अडायची, मग पुढे सातपूर. एवढ्या प्रवासात पायांना घाम सुटून ते पुन्हा ओलं व्हायचं. आणि त्या गार खोलीची फरशी दुधासारखी पांढरी. पांढरी म्हणजे इतरांसाठी. मला ती त्या दिवसांत कशी दिसायची ते मी सांगायला नको.

एका सकाळी साहेब फरशीकडे बघत उभे होते. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत काळपट पावलं उमटली होती. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, यंत्रातून तेल गळतंय. ते गुडघ्यांवर बसून मोठ्या कपाटाखाली वाकून बघायला लागले. शेवटी कामावरची माझी शेजारीण म्हणाली, "साहेब, त्या डागांना बोटं आहेत. मशीनला बोटं नसतात." मग आम्हा दोघींना पाय वर करून तळवे दाखवायला लावले. नाल ठोकायला आणलेल्या घोड्यासारखी मी एका पायावर उभी राहिले.

"हे तूप आहे?" साहेब म्हणाले.

"हो. उष्णतेवर."

"कसली उष्णता? तुमच्या डोळ्यांना काही होतंय का?"

"नाही," मी इतक्या घाईने म्हटलं की त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझी शेजारीणही बघायला लागली. साहेबांनी त्या दिवसापासून मला मोजे घालून यायला सांगितलं, आणि मी खुर्चीवर बसून हिरव्या अक्षरांकडे बघत राहिले, पण एकही आकडा डोक्यात शिरत नव्हता.

बुद्ध पौर्णिमेला मात्र माझा धीर सुटला. आमच्या विहारात सगळ्या बायका पांढरी पातळं नेसून वंदनेला येतात. आदल्या दिवशी काम जास्त होतं, मी उशिरापर्यंत काचेसमोर होते. सकाळी मी मागच्या ओळीत बसले आणि समोर बघितलं. पांढऱ्या ओळीमागे पांढरी ओळ, मध्ये चटईच्या गडद पट्ट्या, आणि सगळ्या पांढऱ्यावर फिकट गुलाबी छटा. सकाळ होती. सकाळी एरवी रंग नसायचा. सगळ्या जणी एका सुरात म्हणत होत्या आणि माझे ओठ नुसते हलत होते. मला रडू यायला लागलं. शेजारच्या काकूंना वाटलं, मुलगी श्रद्धाळू आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आता हे मशीनचं नाही, हे आतलं आहे, बाबांचं होतं तेच आहे, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. कडेकडेने जाण्याऐवजी माझी नजर रंगाने जाणार असेल. कोणाला माहीत?

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी काच बिघडली. सकाळी चालू केली तर अक्षरं नाहीत. काळ्या काचेच्या बरोबर मधोमध एक झगझगीत हिरवी आडवी रेघ. बस, तेवढीच. मी उजेड कमी करायचं बटण रोज चोरून फिरवत असे, डोळ्यांना कमी त्रास व्हावा म्हणून. माझ्यानेच मोडलं असं वाटून मी ते बटण घाईने होतं तिथे फिरवून ठेवलं.

"काय दाबलंत?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही."

पुण्याहून दुरुस्ती करणारा माणूस आला. पोट सुटलेला, बोलघेवडा, चहा मिळाल्याशिवाय पिशवी न उघडणारा. साहेब फोनवर अडकले होते, म्हणून बत्ती धरायला मला उभं केलं. त्याने मागचं झाकण काढलं. लहानपणी जाळीतून जे पाहू दिलं नव्हतं ते सगळं आता माझ्यासमोर उघडं होतं. आत काचेची मोठी बाटली होती, पुढे रुंद आणि मागे दुधी भोपळ्याच्या देठासारखी निमुळती. तिच्या मानेला तांब्याच्या तारेची वेटोळी. त्याने एका पेचकसाने कुठेतरी टोचलं, चट्ट आवाज आला आणि ठिणगी उडाली. "बंद केल्यावरही ह्याच्यात करंट राहतो," तो म्हणाला. "हात लावू नका. मागे फेकून देईल."

मी विचारलं, "अक्षरं ह्याच्यात कुठे असतात?"

"अक्षरं?" तो हसला. "अक्षरं नसतातच बाई. मागे एक तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉनची धार सुटते. समोरच्या काचेला आतून लेप असतो. धार जिथे आदळते तिथे लेप चमकतो. म्हणजे काय झालं? एक ठिपका झाला. तो ठिपका डावीकडून उजवीकडे पळतो, जरा खाली उतरतो, परत डावीकडून पळतो. जिथे अक्षराचा तुकडा हवा तिथे पेटतो, नको तिथे विझतो. तळाला गेला की पुन्हा वर. सेकंदात पन्नास वेळा."

"म्हणजे अख्खं पान एका वेळी काचेवर नसतं?"

"धार एका वेळी एकाच जागी. दुसरीकडे असणार कशी?"

"मग मला अख्खं दिसतं ते?"

"लेप थोडा वेळ धुगधुगत राहतो. बाकीचं तुमचा डोळा सांभाळून घेतो." त्याने चहाचा घोट घेतला. "ह्याचं खाली उतरणं बंद पडलंय. मानेवरच्या एका वेटोळ्याला करंट मिळत नाही. म्हणून तुमचं सगळं पान त्या एका रेघेत चेंगरून बसलंय."

त्याने काच पुन्हा चालू केली आणि मी त्या रेघेकडे बघत राहिले. माझं काही दाबणं-फिरवणं त्याला कारण नव्हतं, याने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी भलतीच गोंधळले. इतके महिने मी ज्या पानावरच्या चुका तपासत होते ते पान अख्खं असं कधी तिथे नव्हतंच. एक ठिपका जिवाच्या आकांताने पळत होता आणि पान माझं मी जुळवत होते. मग गुलाबी रंग तरी कोणाचा? त्याचा की माझा?

मी आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला, अशाच कामावर आहे ती, तिला पांढरं गुलाबी दिसतं म्हणे."

तो पेचकस थांबवून माझ्याकडे बघायला लागला. "तुमच्या ह्या कारखान्यातल्या बायकांना मैत्रिणी फार. आत्ता चहा देताना त्या दुसऱ्या बाईंनी पण मैत्रिणीचंच विचारलं. भात गुलाबी दिसतो म्हणे तिला."

जेवणाच्या सुट्टीत मी शेजारणीच्या डब्याकडे पाहिलं. तीन पोळ्या आणि भाजी. गेले काही आठवडे ती भात आणत नव्हती. भाताने झोप येते, असं तिने मला सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला होता. मी माझ्या डब्यातला भात तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "कोणता रंग?"

ती आधी लाल झाली, मग हसायला लागली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं मी एकटीच," ती म्हणाली. आम्ही दोघींनी महिनोन्महिने शेजारी शेजारी बसून एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली होती. पुण्याच्या माणसाने जाताना सांगितलं होतं की तिकडेही एक-दोघी असं म्हणतात, हिरवं फार बघून डोळा थकत असेल, जातं म्हणे. 'असेल' आणि 'म्हणे'. त्याला यंत्राचं सगळं कळत होतं. डोळ्याचं त्यालाही माझ्याइतकंच कळत होतं. शेजारीण मात्र त्याच्या 'म्हणे'वर खूश झाली आणि दुसऱ्या दिवसापासून भात आणायला लागली. तिच्या घरी कोणाला काचबिंदू नव्हता.

त्या संध्याकाळी बाबा अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि काचेची गोष्ट सांगितली. पॅनेलवर उभा राहिलेला माणूस, त्यांना असल्या गोष्टी आवडायच्या. तार, धार, लेप, पळणारा ठिपका, सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"म्हंजे एका टायमाला सगळं नसतंच," ते म्हणाले.

"नसतंच."

"मंग ते मशीन माझ्यासारखंच हाय."

मला कळलं नाही. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "तुझ्याकडं बघतो ना, तर आधी कपाळ घेतो. मंग एक डोळा. मंग दुसरा. मंग नाक, तोंड. हनुवटीला पोचतो तवर कपाळ गेलेलं असतं. मंग परत वर जायचं. असं धा-बारा येळा केलं की तू दिसतीस."

इतके महिने मी ज्याला झडती समजून चिडत होते, ते हे होतं.

"भाताला अजून रंग दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तूच तर म्हणालीस आईला, तांदूळ कशात धुतले. माझा भात तर पांढरा होता. काशाची वाटी काढ म्हणून मीच सांगितलं तिला." मग म्हणाले, "मला आधी बल्बभोवती रंगाची कडी दिसायची. लय छान दिसायची. निळं, तांबडं. रात पाळीला सगळ्या दिव्यांना कडी. कोणाला बोललो नाय. बोललो तर पॅनेलवरनं काढत्याल. वाटलं, जाईल आपोआप. तवाच दाखवलं असतं तर एवढी गेली नसती, डॉक्टर म्हणले. तू एकदा तरी बोललीस. मी वाट बघत होतो, परत बोलशील म्हणून."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतके दिवस माहीत असून विचारलं नाही म्हणून, कडी दिसत होती तेव्हा गप्प बसले म्हणून, आणि मी अगदी त्यांच्यासारखीच निघाले म्हणून. "मग विचारायचं ना," मी ओरडले.

"विचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस," ते म्हणाले. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि आम्ही दोघं त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना द्वारकेजवळ होता. डॉक्टरांनी मला आडवं केलं, डोळ्यात बधिर करणारा थेंब घातला आणि बुबुळावर डोळ्यातला दाब मोजायचं एक लहानसं धातूचं यंत्र टेकवलं. दिसत होतं पण लागत नव्हतं. मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून, बाकावर बसवून, बऱ्याच वेळाने बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. गुलाबी भाताची हकिगत त्यांनी दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा भुवया वर केल्या. "हिरवं सतत बघून होत असेल. मी असं ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "पण दाब ठीक आहे. नस ठीक आहे. वडिलांचं आहे म्हणून दरवर्षी येऊन दाखवायचं, एवढंच."

"नस ठीक हाय?" बाबांनी विचारलं.

"ठीक आहे."

"दोन्हीकडची?"

"दोन्हीकडची."

बाबांनी टोपी काढली, हातात फिरवली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

तो गुलाबी रंग पुढे कधी गेला ते मला सांगता येत नाही. मी कायम झाले, काचा बदलल्या, हिरव्याच्या जागी पिवळसर अक्षरं आली, आणि एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत भाताकडे निरखून पाहिलेलं नाही. आई श्रेय काशाच्या वाटीला देते. मी वाद घालत नाही, कारण दुसरं कारण मला आजही नीट कळलेलं नाही.

पण त्या दुपारी आम्ही दवाखान्याबाहेर आलो तेव्हा मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. बाहुल्या सताड उघड्या, आणि वर नाशिकचं ऊन. सगळं पांढरं, नुसतं डोळ्यांत ओतल्यासारखं. द्वारकेच्या चौकात ट्रक, टांगे, रिक्षा एकमेकांवर भोंगे वाजवत होत्या. आकार हलताना कळायचे, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. मी बाबांचं कोपर धरलं. त्यांना कडेचं दिसत नव्हतं आणि मला मधलं धड दिसत नव्हतं. डावीकडून एक रिक्षा अंगावर आली, ती मला दिसली, मी त्यांना मागे ओढलं. मग लाल रंगाचं काहीतरी मोठं येऊन थांबलं.

"बस आहे," मी म्हटलं. "पाटी वाचता येते का?"

बाबांनी हनुवटी वर केली. त्यांची नजर पाटीच्या डाव्या टोकाला गेली आणि अक्षर अक्षर करत उजवीकडे सरकायला लागली. कंडक्टर घंटी मारण्याच्या घाईत होता. मी त्याला हात दाखवून थांबवलं. "ना... शि... क... रोड," बाबा म्हणाले. मग नजर खालच्या ओळीवर उतरली. "एकलहरे. आपलीच."

आम्ही चढलो. मी पायरी सांगितली, त्यांनी मोकळी जागा शोधली. बसल्यावर ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझ्या कपाळापासून सुरुवात केली. मी ह्या वेळी काय बघताय असं विचारलं नाही. ते हनुवटीपर्यंत पोचून पुन्हा वर जाईपर्यंत मी चेहरा हलवला नाही.